अंगावर उठलेली गोळी

लॅमोट्रिजिन सुरू करताना पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, पाचव्या आठवड्यात १०० आणि सहाव्या आठवड्यापासून २०० मिलिग्रॅम अशी चढण असते. बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी उदासीनतेत जाते त्या आजारात, उदासीनतेचे झटके पुन्हा पुन्हा येऊ नयेत म्हणून हे औषध दिले जाते. ज्या माणसाला सकाळी उठून दात घासणे हेच दिवसाचे मोठे काम वाटते, त्याला "गोळी लागू पडायला दीड महिना तरी जाईल" असे सांगणे सोपे नसते, आणि ऐकणे तर त्याहून अवघड असते. ही चढण इतकी संथ ठेवावी लागते ती मुख्यतः कातडीमुळे. मात्रा घाईने वाढवली तर पुरळ उठण्याची, आणि त्यातही जिवावर बेतणारे पुरळ उठण्याची शक्यता वाढते, हे या औषधाच्या सुरुवातीच्या काळातच लक्षात आले. तेव्हापासून मनाच्या या औषधाचा वेग त्वचेला विचारून ठरतो.

मला हे सगळे माझ्या डॉक्टरांनी गोळी लिहून देतानाच सांगितले होते. सोबत व्हॅल्प्रोएट हे आकडीवर आणि उन्मादावर दिले जाणारे औषध चालू असेल तर मात्रा निम्मी करून पहिले दोन आठवडे दिवसाआड गोळी द्यावी लागते, कारण यकृतातून लॅमोट्रिजिन बाहेर पडण्याची वाटच व्हॅल्प्रोएट अडवते आणि औषध दुपटीहून जास्त वेळ अंगात रेंगाळते. गोळी पाचाहून अधिक दिवस चुकली तर जिथे सोडली तिथून धरायची नाही, पुन्हा २५ पासून चढायचे. गर्भनिरोधक गोळ्या चालू किंवा बंद करणार असाल तर आधी कळवायचे, कारण त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी खाली जाते. आणि अंगावर काहीही उठले, अगदी घामोळे वाटले तरी, त्याच दिवशी फोन करायचा. हे शेवटचे वाक्य त्यांनी चिठ्ठीवर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. दहांतल्या सुमारे एकाला या औषधाने पुरळ येते आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असते. गंभीर पुरळाचे प्रमाण प्रौढांमध्ये ०.०८ ते ०.३ टक्के आणि मुलांमध्ये ०.३ ते ०.८ टक्के असल्याचे अमेरिकेतल्या औषधपत्रकात छापलेले आहे. अडचण अशी, की निरुपद्रवी पुरळ आणि गंभीर पुरळ पहिल्या दिवशी बरेचदा सारखेच दिसतात.

माझे पुरळ मात्रा शंभरावर गेल्यानंतर उठले, आणि तेही नेमके अशा वेळी, की कित्येक महिन्यांनी मला सकाळी उजाडल्यासारखे वाटू लागले होते. छातीवर आणि दंडांच्या आतल्या बाजूला बारीक, किंचित उंचवट्याचे ठिपके, हाताला खरखरीत लागणारे. ताप नव्हता. खाज होती, पण असह्य नव्हती. सासूबाईंनी आमसुले भिजत घातली, कारण अंगावर पित्त उठले की त्याचे पाणी चोळायचे ही साताऱ्याकडच्या कुठल्याही घरातली पहिली हालचाल असते, आणि पित्ताच्या गांधींना त्या थंडाव्याने बरेही वाटते. पण त्यांच्या दृष्टीने त्या दिवशी पुरळापेक्षा मोठी गोष्ट घडली होती. "मी म्हणत नव्हते? या डोक्याच्या गोळ्या उष्णच असतात. शेवटी अंगावर उठल्याच ना!" त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट सुटकाच होती. दोन वर्षे घरात ज्या आजाराविषयी वाद चालला होता, त्याचा निकाल माझ्या दंडावर उमटला होता.

त्यानंतर मी या गोष्टीचा बराच विचार केला आहे. मनाचा आजार घरातल्यांना दिसत नाही. दिसते ते एवढेच, की सून उशिरा उठते, भाजी करपवते, लग्नकार्याला यायचे टाळते, कधी रात्री दोन वाजता माळा आवरायला काढते. याला आजार म्हणावे की स्वभाव, आळस की लाड, यावर प्रत्येकाचे मत असते आणि ते बदलायला कुणी तयार नसते. रक्ताच्या तपासणीत तो सापडत नाही, एक्स-रेत येत नाही. औषधाचा गुणही तसाच न दिसणारा. आज मला वाईट वाटले नाही, हे कुणाला बोट ठेवून दाखवणार? पुरळ मात्र दिसते. शेजारच्या काकूंना दिसते, दूधवाल्यालाही दिसते. त्यामुळे आजार आणि त्याचे औषध यांची तुलना जेव्हा घरात होते तेव्हा एका पारड्यात काहीच नसते आणि दुसऱ्यात लालसर ठिपक्यांनी भरलेले दोन हात असतात. अशा तुलनेत औषध हरते, आणि सहसा एकटे ते औषध हरत नाही, मानसोपचाराची सगळी चिठ्ठीच हरते. त्या संध्याकाळी घरात जे ठरत होते ते लॅमोट्रिजिन बंद करण्याचे नव्हते. झोपेची गोळी, आधीपासून चालू असलेली दुसरी गोळी आणि पुढच्या महिन्याची डॉक्टरांची वेळ, सगळेच एकदम बंद करण्याचे होते.

डॉक्टरांनी फोनवरच लॅमोट्रिजिन थांबवायला सांगितले. "पुढची गोळी घेऊ नका. बाकीच्या दोन्ही चालू ठेवा, एकही चुकवू नका, आणि आत्ता निघून या." या तीन वाक्यांतले मधले वाक्य किती महत्त्वाचे होते हे मला त्या वेळी नीट कळले नाही. दवाखान्यात त्यांनी आधी तोंड उघडायला लावले, गालांच्या आतून आणि ओठांवर टॉर्च फिरवला, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, मानेतल्या व काखेतल्या गाठी चाचपल्या, लघवी करताना जळजळ होते का विचारले, आणि मग कुठे हातांकडे वळल्या. पुरळ दाखवायला आलेल्या बाईचे पुरळ सगळ्यांत शेवटी पाहिले जाते, याचे नवऱ्याला आश्चर्य वाटले. पण धोक्याची खरी खूण तिथेच असते. तोंडात फोड, डोळे लाल, गिळताना किंवा लघवीला जळजळ, कातडी दुखरी होणे, चेहरा सुजणे, ताप: यांतले एकही असेल तर तो सरळ मोठ्या रुग्णालयात जाण्याचा प्रसंग असतो. यांतले माझ्याकडे काहीच नव्हते. रक्ताच्या तपासणीत ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी किंचित वाढलेल्या होत्या, यकृत ठीक होते.

तोंडातून सुरुवात करण्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. अल्बर्ट स्टीव्हन्स आणि फ्रँक जॉन्सन या न्यूयॉर्कमधल्या दोन डॉक्टरांनी १९२२ मध्ये सात आणि आठ वर्षांच्या दोन मुलांची हकीकत छापली होती: ताप, अंगभर पुरळ, तोंड आतून सोललेले आणि डोळे पुवाने भरलेले. आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात शरीराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी भागावरची कातडी सुटते. तीस टक्क्यांहून अधिक भागावरची सुटली तर त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. ॲलन लायल यांनी १९५६ मध्ये चार रुग्णांवरून त्याचे वर्णन केले तेव्हा उकळते पाणी सांडून भाजल्यासारखी कातडी, अशीच तुलना त्यांना सुचली, आणि अशा रुग्णांची शुश्रूषाही आज भाजलेल्या रुग्णांसारखीच केली जाते. त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा वाचत नाही. जे वाचतात त्यांतल्या अनेकांच्या डोळ्यांचे दुखणे आयुष्यभर चालते, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत अशा डोळ्यांवर वर्षानुवर्षे काम चालू आहे. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण पुरळ उठल्यावर "दोन दिवस वाट पाहू" असे म्हणणे कुठल्या औषधाच्या बाबतीत चालते आणि कुठल्या औषधाच्या बाबतीत चालत नाही, हे ठरते ते याच इतिहासामुळे.

आपल्याकडे मधला थांबा औषधाच्या दुकानाचा असतो. अंगावर उठले म्हणताच सेट्रिझिनची पट्टी हातात मिळते, आणि ती काही चुकीची गोळी नव्हे. गांधी उठतात तेव्हा हिस्टामिन हे शरीरातलेच एक रसायन काम करत असते आणि सेट्रिझिन त्यालाच अडवते. लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन यांचे उशिराने येणारे पुरळ मात्र टी-पेशींच्या, म्हणजे परक्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, कारवाईतून उठते. तिथे सेट्रिझिन खाज तेवढी कमी करते, आतली कारवाई चालूच राहते. खाज थांबली म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि मूळ गोळी घेत राहतो, हा त्यातला धोका. ड्रेस नावाची आणखी एक प्रतिक्रिया तर औषध सुरू झाल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी येते, चेहरा सुजतो, गाठी येतात, यकृत बिघडते, आणि औषध थांबवल्यानंतरही काही आठवडे ती चढउतार करत राहते. ओलान्झापिन हे मानसोपचारातले इतके रुळलेले औषध, पण त्याच्या पत्रकात या प्रतिक्रियेचा इशारा घालायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सांगितले. १९९६ पासून जगभरातून त्यांच्याकडे अशा २३ नोंदी आल्या होत्या. लाखो लोक घेत असलेल्या औषधाच्या मानाने हा आकडा नगण्य आहे. तरीही तो जमेपर्यंत वीस वर्षे गेली.

या सगळ्यात मला धीर देणारी व्यक्ती म्हणजे माझी मावशी. ती एका सरकारी मनोरुग्णालयात परिचारिका होती. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात क्लोरप्रोमाझिन या मनोविकारांवरच्या जुन्या औषधाच्या गोळ्या कुटून देणे, पातळ औषध मापून देणे हे तिच्या हातचे रोजचे काम होते, आणि काही महिन्यांत तिच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि मग पापण्यांवर इसब उठू लागले. सुटीवर गेली की बरे व्हायचे, कामावर आली की पुन्हा उठायचे. क्लोरप्रोमाझिन १९५० च्या दशकात मनोरुग्णालयांत आले तेव्हापासूनच ते हाताळणाऱ्या परिचारिकांना असा त्रास होतो हे वैद्यकात ठाऊक होते, पण तिला ते एका ज्येष्ठ सिस्टरने सांगितले आणि हातमोजे घालायला लावले. मावशीला स्वतःला मनाचा कुठलाही आजार नव्हता, त्या औषधाचा कणही तिने कधी पोटात घेतला नव्हता, तरी तिच्या कातडीने ते ओळखून त्याच्याशी वैर धरले होते.

तिचा फोन आला तेव्हा तिने माझ्या मनाची चौकशी केलीच नाही. "अगं, तोंडात काही टोचतंय का? डोळे चुरचुरतात का? फोटो काढलास का? काढ, आणि त्यावर तारीख दिसू दे." मग सासूबाईंशी बोलली. दोघी एकमेकींना चांगल्या ओळखतात. सासूबाईंचे म्हणणे असे, की मनातली अशांतता शेवटी अंगावरच येते, मावशी म्हणाली, "अहो विहीणबाई, माझ्या मनात काय होतं हो? मी नुसत्या गोळ्या कुटत होते." मला वाटते, आमच्या घरातल्या सगळ्या चर्चेत कामाला आलेले हे एकच वाक्य. तज्ज्ञांनी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ते सासूबाईंना पटले, कारण मावशीचे ते हात त्यांनी माझ्या लग्नात पाहिले होते.

मावशीच्या फोटोच्या आग्रहाचे कारण मला पुढे कळले. मनोरुग्णाची तक्रार ऐकताना ऐकणाऱ्याच्या मनात एक शंका कायम असते. अंगाला खाज सुटते, मुंग्या आल्यासारखे होते, कातडीखाली काही चालते आहे असे वाटते, ही वाक्ये औषधाच्या प्रतिक्रियेची असू शकतात आणि भासाचीही असू शकतात. अंगात किडे शिरले आहेत अशी पक्की समजूत होणे हा मानसोपचारशास्त्रात वेगळा नोंदलेला विकारच आहे. मावशीने वॉर्डात असे प्रसंग पाहिले होते, की पुरळ उठायच्या आदल्या दिवशी रुग्ण "अंग जळतंय" म्हणून ओरडत होता आणि त्याला शांत राहण्याचे इंजेक्शन मिळाले. शिवाय गव्हाळ आणि सावळ्या रंगावर लाली फारशी उठून दिसत नाही. पुस्तकांतल्या रंगीत चित्रांत बहुधा गोरी कातडी आणि तिच्यावर गुलाबी पुरळ असते. आपल्या अंगावर तेच पुरळ करडे, जांभळट किंवा नुसते गडद दिसते, काही वेळा डोळ्यांपेक्षा हाताला आधी लागते. म्हणून दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढलेला फोटो हा पुरावा म्हणून फार उपयोगी पडतो. पुरळाची जागा, तारीख आणि त्या दिवशीची मात्रा एवढे सोबत लिहून ठेवले की रुग्णाच्या शब्दावर कुणाला नुसता विश्वास ठेवावा लागत नाही. असा पुरावा लागावा हे मला पटत नाही, पण लागतो.

कुणाच्या कातडीचे कुठल्या औषधाशी वाकडे येईल हे आधी सांगता येईल का, या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर आजवर तैवानमधून आले आहे. कार्बामाझेपिन हे औषध आपल्याकडे टेग्रेटॉल या नावाने घरोघरी माहीत आहे; आकडीसाठी, चेहऱ्याच्या नसेच्या कळांसाठी आणि उन्मादासाठीही ते देतात. तैवानमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये असे दाखवले, की या औषधाने स्टीव्हन्स-जॉन्सन विकार झालेल्या ४४ च्या ४४ रुग्णांमध्ये एचएलए-बी १५:०२ हा जनुकाचा एकच प्रकार सापडतो, तर तेच औषध सुखाने पचवणाऱ्या १०१ जणांत तो फक्त तिघांमध्ये होता. एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, ज्या अवयव प्रत्यारोपणाच्या वेळी जुळवून पाहतात. त्यांतल्या एका प्रकारच्या खुणेत कार्बामाझेपिनचा रेणू असा अडकून बसतो, की टी-पेशींना आपलीच त्वचा परकी वाटू लागते. मग तैवानमधल्या २३ रुग्णालयांत ४,८७७ जणांची औषध देण्यापूर्वी चाचणी केली गेली; ज्या ७.७ टक्के लोकांत तो जनुकप्रकार निघाला त्यांना दुसरे औषध दिले. एरवी दहा-एक जणांना तो विकार व्हायला हवा होता. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा तो आकडा शून्य होता.

वैद्यकात इतके स्वच्छ शून्य क्वचितच मिळते. आशियाई वंशाच्या रुग्णांना कार्बामाझेपिन देण्यापूर्वी ही चाचणी करावी असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्येच सांगितले होते, आणि भारतीयांमध्ये हा जनुकप्रकार सरासरी दोन ते चार टक्के, काही समाजांत त्याहून जास्त आढळतो असे तेथील औषधपत्रक सांगते. भारतातही २००९ साली एका छोट्या अभ्यासात अशा आठ रुग्णांपैकी सहा जणांमध्ये तो सापडला होता. तरीही आपल्याकडे ही चाचणी रोजच्या व्यवहारात आलेली नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या डॉक्टरला, समोर उन्मादातला रुग्ण आणि दाराशी घाबरलेले नातेवाईक असताना, तिच्या निकालासाठी थांबायला सांगणे व्यवहार्य आहे असे मीही म्हणणार नाही. पण ज्याला महिनाभराची सवड आहे अशा रुग्णाच्या बाबतीत निदान प्रश्न तरी विचारला जावा. लॅमोट्रिजिनसाठी इतक्या खात्रीची चाचणी अजून नाही. तिथे अजूनही ती संथ चढण आणि चिठ्ठीवरच्या दोन रेघा एवढाच बंदोबस्त आहे.

माझे पुरळ आठवडाभरात वाळले, कातडीचे बारीक पापुद्रे निघाले आणि हात पूर्वीसारखे झाले. घरातल्यांच्या दृष्टीने प्रकरण संपले होते. पण पुरळाबरोबर ते औषधही गेले होते, आणि जे औषध लागू पडू लागले आहे ते सोडावे लागणे यासारखी चमत्कारिक शिक्षा नाही. पुरळ उतरत होते तशा माझ्या सकाळी पुन्हा जड होऊ लागल्या. कुणी विचारायला आले की हात पाहून म्हणत, "आता अगदी छान झालंय." मी हो म्हणत असे. त्या महिन्यात मला पुरळाची आठवण वाईट म्हणून येत नसे; उलट, ते अंगावर होते तोवर लोक चौकशी तरी करत होते, असा एक लाजिरवाणा विचार मनात यायचा.

पुन्हा तेच औषध देऊन पाहता येते का, हे मी विचारले. काही रुग्णांत येते. पुरळ सौम्य असेल, तोंड-डोळे-यकृत यांना धक्का लागलेला नसेल, तर मध्ये पुरेसा काळ जाऊ देऊन, पाच मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळीपासून कितीतरी अधिक संथपणे चढत काहींना ते पुन्हा सुरू केले गेले आहे आणि सोसलेही आहे. स्टीव्हन्स-जॉन्सन होऊन गेलेल्याला मात्र ते पुन्हा कधीही नाही. डॉक्टरांनी ही वाट उघडी ठेवली, पण आधी लिथियमचा प्रयत्न करू म्हणाल्या. माझ्या माहेरी कुणाला सोरायसिस आहे का हे त्यांनी विचारले, कारण लिथियमने तो उफाळू शकतो. नव्हता.

लिथियम सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी माझ्या पाठीवर आणि दंडांवर पुटकुळ्या आल्या, आणि घरात तोच संवाद पुन्हा सुरू झाला. या वेळी माझ्याजवळ उत्तर होते. ही ॲलर्जी नव्हे. लिथियमने मुरमे येतात हे जुने आणि ठाऊक असलेले लक्षण आहे. ती दिसायला वाईट असतात, पण शरीर औषधावर उलटल्याची ती खूण नसते, त्यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ वेगळे औषध देतात आणि लिथियम चालू राहते. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची कातडी उन्हात लवकर भाजते, त्यालाही गोळी बंद करण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी लागते. मानसोपचाराच्या औषधांनी त्वचेवर जे जे उठते त्या सगळ्याला "गोळी सोसली नाही" या एकाच वाक्यात बसवले, की थांबवायला हवे ते औषध उशिरा थांबते आणि चालू ठेवायला हवे ते लवकर सुटते. फ्लुऑक्सेटिन या उदासीनतेवरच्या औषधाच्या अमेरिकेतल्या चाचण्यांत १०,७८२ रुग्णांपैकी सात टक्के लोकांना कुठले ना कुठले पुरळ किंवा गांधी उठल्या होत्या. त्या सगळ्यांना सारखीच गंभीर ॲलर्जी झाली होती असा त्याचा अर्थ नाही, आणि कुणालाच काही झाले नाही असाही नाही.

आता माझ्या पाकिटात एक कार्ड असते. त्यावर औषधाचे कंपनीने दिलेले नाव नाही, मूळ नाव आहे, कारण दुकानात एकाच लॅमोट्रिजिनला अनेक नावे असतात आणि नाव बदलले की दुसऱ्या डॉक्टरांकडून तेच औषध नव्याने लिहून मिळण्याची शक्यता असते. मावशीने मला तिच्या वॉर्डातले एक उदाहरण सांगितले होते. एका माणसाला लहानपणी आकडीसाठी दिलेल्या फेनिटॉइनने अंगभर उठले होते. घरात ते "इप्टॉइन सोसत नाही" एवढेच, म्हणजे फेनिटॉइनचे दुकानातले नाव तेवढे, माहीत होते. पंचवीस वर्षांनी उन्मादासाठी त्याला कार्बामाझेपिन दिले गेले आणि पुन्हा तेच झाले. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन यांच्या रेणूंची घडण एका कुळातली आहे. एक सोसले नाही तर दुसरे सोसेलच असे नाही. कार्बामाझेपिनने पुरळ उठलेल्यांपैकी सुमारे पंचवीस ते तीस टक्के लोकांना ऑक्सकार्बाझेपिननेही उठते. व्हॅल्प्रोएट आणि लिथियम त्या कुळातली नाहीत. म्हणून कार्डावर औषधाचे मूळ नाव, काय उठले, किती दिवसांनी उठले, तोंड-डोळे-ताप यांतले काय होते आणि काय नव्हते, एवढे असले पाहिजे. नुसते "लॅमोट्रिजिन – ॲलर्जी" असे लिहिले तर पुढच्या डॉक्टरांना त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मावशीनेच आणखी एक गोष्ट करायला लावली. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा भारत सरकारचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. डॉक्टर आणि परिचारिका तिथे कळवू शकतात, तसा रुग्णही कळवू शकतो, १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून किंवा रुग्णांसाठीचा फॉर्म भरून, आणि तो फॉर्म मराठीतही आहे. नोंद केल्याने कुणावर खटला होत नाही, कुणाला नुकसानभरपाई मिळत नाही. ओलान्झापिनच्या त्या २३ नोंदी जमायला वीस वर्षे लागली, त्यात कळवल्याच न गेलेल्या किती असतील याचा अंदाज करायला मला फार विचार करावा लागला नाही, आणि मी फॉर्म भरला. औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, पुरळ उठल्याची तारीख, औषध थांबवल्यावर काय झाले. पुरळ गेले, असे लिहिले. वर्णनाच्या जागेत थोडी जागा उरली होती, तिथे हेही लिहिले, की औषधाचा गुण येऊ लागला होता आणि ते थांबवल्यानंतर उदासीनता परत आली. सासूबाईंनी फॉर्म वाचला आणि हे कशाला लिहिलेस म्हणून विचारले. मी म्हटले, तेही झालेच होते.